आकाशातील जवळची वाट

जमिनीवरचा रस्ता डोळ्यांना दिसतो. त्याला कडा असते, वळण असते, मैलाचा दगड असतो. वाट चुकलेल्या माणसाला क्षणभर थांबून कोणाला तरी विचारता येते. आकाशातल्या रस्त्याला यांपैकी काहीच नसते, आणि त्यावरून जाणाऱ्या विमानाला थांबताही येत नाही. तरीसुद्धा आज कोणत्याही मोठ्या शहराच्या विमानतळावर दररोज शेकडो विमाने नेमून दिलेल्या, न दिसणाऱ्या वाटांनी येतात आणि जातात. या वाटा आरंभी जमिनीवरच्या खुणांना बांधलेल्या होत्या. पुढे त्या रेडिओच्या केंद्रांना बांधल्या गेल्या. आणि गेल्या अर्ध्या शतकात त्या हळूहळू विमानातल्या गणकयंत्रात जाऊन बसल्या. रेडिओ-केंद्राच्या माथ्यावरूनच जाण्याचे बंधन न ठेवता, अक्षांश-रेखांशांनी ठरविलेल्या कोणत्याही बिंदूवरून विमान नेण्याची जी पद्धत, तिला वैमानिक आणि नियंत्रक ‘आरनॅव्ह’ या आखूड नावाने ओळखतात. मराठीत तिला क्षेत्रीय मार्गनिर्देशन म्हणता येईल.

या पद्धतीचा इतिहास सहसा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु त्याच्याच पोटात दुसरा एक इतिहास आहे, आणि तो नियंत्रक व वैमानिक यांनी एकमेकांशी उच्चारलेल्या शब्दांचा आहे. ठरलेली लांब वाट सोडून जवळच्या वाटेने जाण्याची मुभा देणे, हे नियंत्रकाच्या हातचे सर्वांत सोपे सौजन्य होय. इंधन वाचते, वेळ वाचतो, वैमानिक आभार मानतो. याच सौजन्याभोवती दोन मोठे अपघात घडले, आणि त्यांतून जे शिकावयाचे होते ते शिकण्यास जगाला बराच काळ लागला.

आरंभ पाहू. ७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्समधील पिकार्डी प्रांतात दोन प्रवासी विमाने समोरासमोर धडकली. एक लंडनहून पॅरिसकडे निघाले होते, दुसरे पॅरिसहून लंडनकडे. दोघांनाही वाट माहीत होती, कारण दोघेही खालच्या एकाच रस्त्यावर नजर ठेवून जात होते. धुके होते, विमाने खाली होती, आणि त्या रस्त्याच्या वर आकाशात जाण्याची आणि येण्याची बाजू वेगळी नव्हती. सातही माणसे दगावली. वाट ठाऊक असणे पुरेसे नाही, त्या वाटेवर समोरून कोण येत आहे हेही ठाऊक असले पाहिजे, हा पहिला धडा त्या दिवशी मिळाला.

अमेरिकेत टपाल वाहणाऱ्या विमानांसाठी जमिनीवर दिवे लावण्यात आले. १९२४ च्या जुलैपासून शिकागो आणि शायान या शहरांमधील पट्ट्यात फिरत्या दिव्यांची रांग उभी राहिली, आणि वैमानिक रात्री एका दिव्यावरून दुसऱ्या दिव्याकडे जाऊ लागले. विमानतळावरची व्यवस्था तर याहूनही साधी होती. १९२९ मध्ये सेंट लुईसच्या विमानतळावर आर्ची लीग नावाचा गृहस्थ एका हातगाडीवर खुर्ची, छत्री, जेवणाचा डबा आणि दोन निशाणे लादून धावपट्टीच्या टोकाशी जाऊन बसत असे. चौकड्यांचे निशाण दाखविले की विमानाने निघावे, तांबडे दाखविले की थांबावे. हवाई नियंत्रकांच्या परंपरेत त्याचे नाव पहिल्या ओळीत घेतले जाते.

निशाणाचे राज्य धावपट्टीपुरतेच असते. ढगात शिरलेल्या विमानाला निशाण दिसत नाही. म्हणून १ डिसेंबर १९३५ रोजी काही विमान कंपन्यांनी मिळून न्यूयॉर्कजवळच्या नेवार्क येथे मार्ग-नियंत्रणाचे पहिले केंद्र उघडले. पुढच्या वर्षीच्या जुलैमध्ये सरकारने ते आपल्याकडे घेतले. तेथे रडार नव्हते. भिंतीवर फळा होता, टेबलावर मोठा नकाशा होता, आणि त्या नकाशावर प्रत्येक विमानासाठी एक छोटीशी सोंगटी होती. दूरध्वनीवरून बातमी आली की अमुक विमान अमुक ठिकाणावरून अमुक वेळी गेले, की नियंत्रक ती सोंगटी पुढे सरकवी. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नियंत्रकापुढे असे ते विमान नव्हे, ते विमानाविषयीचे अनुमान असे. वैमानिक जेथे आहे असे सांगे, तेथे तो आहे असे धरून सारा कारभार चाले.

हे सांगणे अधिक बिनचूक व्हावे म्हणून रेडिओची केंद्रे आली. पहिल्या प्रकारच्या केंद्रातून तारायंत्राच्या भाषेतील ‘ए’ आणि ‘एन’ ही दोन अक्षरे वेगवेगळ्या दिशांना पाठविली जात. वैमानिक मधोमध असला की दोन्ही ध्वनी एकमेकांत मिसळून एकच अखंड सूर ऐकू येई. तो सूर म्हणजे वाट. एका केंद्रापासून अशा चारच वाटा निघत. दुसऱ्या महायुद्धानंतर ‘व्हीओआर’ नावाची केंद्रे आली आणि चारांऐवजी ३६० अंशांपैकी कोणत्याही रेषेवरून जाणे शक्य झाले. तथापि वाट एका केंद्रापासून दुसऱ्या केंद्रापर्यंतच जाई. त्यामुळे केंद्रांच्या माथ्यावर सगळ्या वाटा एकत्र येत आणि तेथे गर्दी होई.

विमानतळाभोवतीच्या आकाशात ही गर्दी सर्वांत दाट. तेथे येणारे विमान उतरत असते, जाणारे चढत असते, आणि धावपट्टी तर एका वेळी एकाच विमानाची. म्हणून वाट पाहण्याच्या जागा ठरविण्यात आल्या. दोन केंद्रांपासून निघणाऱ्या दोन रेषा जेथे एकमेकींना छेदतात तो बिंदू निवडायचा, आणि आपली पाळी येईपर्यंत विमानाने त्या बिंदूभोवती नेमलेल्या उंचीवर घिरट्या घालावयाच्या. असा बिंदू ओळखण्यासाठी विमानात दोन ग्राहकयंत्रे लागत, एक पहिल्या केंद्रासाठी आणि एक दुसऱ्यासाठी.

आता १६ डिसेंबर १९६० च्या सकाळकडे वळू. न्यूयॉर्कवर खालपर्यंत ढग उतरले होते. युनायटेड कंपनीचे डीसी-८ जेट विमान शिकागोहून आयडलवाइल्ड विमानतळाकडे येत होते. त्याच विमानतळाला पुढे केनेडी यांचे नाव मिळाले. दुसरे विमान टीडब्ल्यूए कंपनीचे कॉन्स्टेलेशन, पंख्यांचे, ओहायो राज्यातून ला गार्डिया विमानतळाकडे येणारे. दोन विमानतळ जवळजवळचे, म्हणून त्यांची आकाशेही शेजारशेजारची. जेट विमानाने प्रेस्टन नावाच्या बिंदूपाशी थांबून ५,००० फुटांवर घिरट्या घालावयाच्या होत्या.

त्या विमानातील दोन ग्राहकयंत्रांपैकी एक बंद पडले होते. वैमानिकांनी ते आपल्या कंपनीला कळविले. नियंत्रकाला कळविले नाही. आता प्रेस्टन ओळखण्यासाठी एकाच यंत्रावर आधी एक केंद्र लावावयाचे, मग दुसरे लावावयाचे, असे करणे भाग होते. अशा अवस्थेत नियंत्रकाने त्यांना जवळची वाट दिली. आधीच्या मार्गात एक कोपरा होता. तो वगळून थेट पुढच्या मार्गाला लागण्याची परवानगी मिळाली. प्रेस्टनपर्यंतचे अंतर सुमारे ११ मैलांनी घटले. नियंत्रकाच्या दृष्टीने ही मदत होती, आणि यंत्रे धड असती तर ती मदतच ठरली असती. प्रत्यक्षात वेळेचा हिशेब जुन्या अंतराचा राहिला. विमान सुमारे ३०० नॉटच्या वेगाने प्रेस्टन ओलांडून पुढे गेले, आणि आपण अजून प्रेस्टनला पोहोचत आहोत असे वैमानिक सांगत राहिले.

दरम्यान मार्ग-केंद्राने रडारची देखरेख संपल्याचे सांगून ते विमान विमानतळाच्या नियंत्रकाकडे सोपविले होते. ला गार्डियाच्या नियंत्रकाला रडारवर एक अनोळखी ठिपका आपल्या विमानाकडे सरकताना दिसला; त्याने कॉन्स्टेलेशनला तसा इशाराही दिला. पण तो ठिपका कोणाचा आणि किती उंचीवर, हे पडद्यावरून कळत नव्हते. ठरलेल्या जागेपासून कित्येक मैल पुढे, स्टेटन बेटावर, दोन्ही विमाने धडकली. कॉन्स्टेलेशन त्या बेटावर कोसळले, जेट विमान ब्रुकलिनच्या दाट वस्तीत पडले. दोन्ही विमानांतील १२८ आणि जमिनीवरची ६, अशी १३४ माणसे गेली. एक अकरा वर्षांचा मुलगा पडलेल्या विमानाबाहेर जिवंत सापडला आणि दुसऱ्या दिवशी तोही गेला.

चौकशीत दोष ठरला तो नेमून दिलेली हद्द ओलांडून गेलेल्या जेट विमानाचा. पण त्याचा मोठा वेग आणि वाटेत बदललेली, आखूड झालेली वाट ही कारणेही अहवालात नोंदविली गेली. त्यानंतर नियम आले. विमानतळाजवळ आणि १०,००० फुटांखाली वेग २५० नॉटपेक्षा अधिक नसावा. केंद्रापासूनचे अंतर दाखविणारे यंत्र विमानात असावे. मार्गनिर्देशनाचे यंत्र बिघडले तर वैमानिकाने ते नियंत्रकाला ताबडतोब कळवावे. या तिसऱ्या नियमाकडे पुन्हा यावयाचे आहे.

या अपघातानंतरची काही दशके ही रडारची दशके होत. विमानातले उत्तर देणारे यंत्र आपली ओळख आणि उंची पडद्यावर उमटवू लागले, आणि अनुमानाच्या जागी प्रत्यक्ष चित्र आले. नियंत्रक आता विमानाचा हात धरून त्याला नेऊ लागला. ‘डावीकडे वळा, दिशा २४० अंश’, ‘उंची ६,००० फूट’, ‘वेग कमी करा’, अशा आज्ञांच्या मालिकेने विमान धावपट्टीसमोर आणून उभे करावयाचे. नियंत्रकांच्या भाषेत यास व्हेक्टर देणे म्हणतात. कुशल नियंत्रकाच्या हाती ही मोठी कला असते. परंतु तिचा भार दुहेरी आहे. एक विमान उतरविण्यासाठी दहा-बारा वेळा बोलावे लागते, आणि एकाच ध्वनिलहरीवर अनेक विमाने असली की बोलण्यासच जागा उरत नाही. शिवाय नेले जाणारे विमान पुढचे वळण कोठे आहे हे जाणत नाही. कोठवर उतरावे, केव्हा उतरावे, किती मैल उरले, या सर्वांसाठी त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते.

यास पर्याय म्हणून आरनॅव्हचा विचार पुढे आला. त्याचे बीज साधे आहे. एखाद्या केंद्राची दिशा आणि त्या केंद्रापासूनचे अंतर ही दोन्ही कळली, तर आपण कोठे आहोत हे ठरते. आणि आपण कोठे आहोत हे ठरले, तर नकाशावरील कोणत्याही बिंदूकडे जाण्याची दिशा गणिताने काढता येते. केंद्र जेथे आहे तेथून ते मनाने उचलून आपल्याला हवे तेथे ठेवावे, असे हे गणित. १९६० नंतरच्या दशकात हे गणित करणारी यंत्रे विमानात बसू लागली. भ्रमणदर्शकांच्या आणि गतिमापकांच्या आधारे बाहेरच्या कोणत्याही संकेताविना आपले स्थान मोजत जाणारी यंत्रेही आली. १९८० नंतरच्या जेट विमानांत संपूर्ण मार्ग साठवून ठेवणारे गणकयंत्र आले. १९८३ मध्ये वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन प्रवासी विमान पाडले गेले आणि २६९ माणसे मेली. त्यानंतर अमेरिकेने आपली उपग्रहांवर आधारलेली स्थाननिश्चिती नागरी उपयोगासाठी खुली ठेवण्याची घोषणा केली. उपग्रह आले, आणि आकाशाचा प्रत्येक बिंदू रस्त्यावरचा बिंदू होऊ शकला.

येथे श्रोत्यांच्या मनात एक शंका येईल. विमानालाच आपली वाट इतकी बिनचूक कळते, तर मग अडचण काय राहिली? तिचे उत्तर २० डिसेंबर १९९५ च्या रात्री दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात मिळाले.

अमेरिकन एअरलाइन्सचे बोइंग ७५७ विमान मायामीहून काली या शहराकडे येत होते. काली एका लांब दरीत वसले आहे. दोन्ही बाजूंना उंच डोंगर. तेथील रडार बंडखोरांनी काही वर्षांपूर्वी उडवून दिले होते, म्हणून नियंत्रक पुन्हा नेवार्कच्या सोंगट्यांच्या काळातल्यासारखा वैमानिकाच्या शब्दावर अवलंबून होता. विमानाला उशीर झाला होता. वारा शांत असल्याने नियंत्रकाने विचारले, वळसा घेण्याऐवजी सरळ समोरच्या धावपट्टीवर उतरता का? वैमानिकांनी ती जवळची वाट आनंदाने घेतली.

घोटाळा त्याच्याही आधी, एका शब्दापाशी सुरू झाला होता. नियंत्रकाने कालीच्या केंद्रापर्यंत येण्याची परवानगी दिली होती; वाटेत तुलुआ हे केंद्र लागणार, हे त्याने गृहीत धरले होते. वैमानिकांनी तिचा अर्थ ‘थेट काली’ असा घेतला आणि गणकयंत्रात तसे भरले. त्यासरशी मधले सर्व बिंदू, तुलुआ धरून, यंत्राच्या पडद्यावरून पुसले गेले. मग नव्या मार्गासाठी तेच तुलुआ शोधण्याची वेळ आली, आणि तोवर ते मागे पडले होते. पुढचा बिंदू रोसो. नकाशावर त्याची खूण ‘आर’ हे एकच अक्षर. वैमानिकाने ‘आर’ दाबले. यंत्राच्या स्मरणात त्या अक्षराने पहिले नाव निघाले ते बोगोटाजवळच्या रोमिओ या केंद्राचे, शंभराहून अधिक मैल दूरचे. यंत्राने आज्ञा पाळली आणि विमान डावीकडे, डोंगराकडे वळू लागले. उतरणे चालूच होते. चूक ध्यानात येऊन ते परत वळेपर्यंत डोंगर पुढ्यात आला. १५९ माणसे दगावली, चार वाचली.

नियंत्रकाने पुढे चौकशीत जे सांगितले ते मनाला लागण्यासारखे आहे. वैमानिकांच्या बोलण्याचा मेळ बसत नाही, हे त्याला जाणवले होते. ते स्पॅनिश बोलणारे असते तर त्याने त्यांना तसे विचारले असते. इंग्रजीत ठराविक वाक्यांपलीकडे जाऊन शंका विचारण्याइतकी भाषा त्याच्यापाशी नव्हती.

न्यूयॉर्क आणि काली यांमध्ये पस्तीस वर्षे आणि यंत्रांच्या कित्येक पिढ्या आहेत. एकीकडे ग्राहकयंत्र बिघडलेले होते, दुसरीकडे सर्व यंत्रे धड होती. तरीही दोहोंचे मूळ एकच. जवळची वाट दिली गेली त्या क्षणी नियंत्रकाच्या मनातली वाट आणि विमानातली वाट वेगळ्या झाल्या, आणि त्या वेगळ्या झाल्या आहेत हे दोघांपैकी कोणालाही वेळेवर कळले नाही.

यावर उपाय म्हणून जी पद्धत उभी राहिली, तिचे मर्म असे की वाट आधी लिहून काढावी, ती दोघांनी सारखीच वाचावी, आणि बदलावयाची झाल्यास ठरलेल्या शब्दांनी बदलावी. कालीनंतर पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, अलास्का एअरलाइन्सने जूनो या डोंगरांनी वेढलेल्या शहरी उपग्रहांच्या आधारे नेमकेपणाने आखलेल्या वाटेने उतरण्यास आरंभ केला. तेथेही दोन्ही बाजूंना डोंगर होते. फरक इतका की दरीतली प्रत्येक वळणे आधी मोजलेली आणि तपासलेली होती. आयत्या वेळी अक्षरे दाबून शोधावयाची नव्हती.

युरोपात १९९८ पासून मार्गावरील विमानांना पाच सागरी मैलांच्या मर्यादेत राहणारे आरनॅव्ह सक्तीचे झाले. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने २००८ मध्ये या सर्व निरनिराळ्या पद्धतींना एका चौकटीत बसविले. त्या चौकटीत यंत्र कोणते हे न विचारता, विमान वाटेच्या किती जवळ राहू शकते हे विचारले जाते. विमानतळाभोवतीच्या आकाशासाठीची ‘आरनॅव्ह १’ ही पायरी सांगते की उड्डाणाच्या ९५ टक्के वेळात विमान आपल्या वाटेच्या दोन्ही बाजूंस एका सागरी मैलाच्या आत असले पाहिजे. त्याच्या पुढची ‘आरएनपी’ ही पायरी आणखी एक अट घालते: आपण वाटेपासून ढळत असलो तर ते विमानानेच ओळखून वैमानिकाला सावध करावे.

येणाऱ्या आणि जाणाऱ्या प्रत्येक वाटेला नाव मिळाले. तिच्यावरील बिंदू, प्रत्येक बिंदूवरची उंची, वेगाची मर्यादा, सारे छापील तक्त्यावर आणि विमानाच्या स्मरणात एकाच वेळी ठेवले गेले. नियंत्रकाने वाटेचे नाव घ्यावे, वैमानिकाने तेच नाव परत उच्चारावे आणि यंत्रात तेच नाव आहे याची खात्री करावी. या शिस्तीसाठी नियंत्रकालाही काही नव्या गोष्टी शिकाव्या लागल्या. उदाहरणार्थ, बहुतेक बिंदूंपाशी विमान बिंदूवर पोहोचण्याच्या आधीच वळू लागते आणि कोपरा गोल करून पुढे जाते. वेग जास्त असेल तर ते आणखी आधी वळते. पडद्यावर पाहणाऱ्याला ते चुकले असे वाटेल, पण ते बरोबरच असते. काही थोड्या बिंदूंवर मात्र माथ्यावरून गेल्यावरच वळावयाचे असते. कोणता बिंदू कोणत्या जातीचा, हे ठाऊक नसणारा नियंत्रक दोन विमानांमधील अंतराचा हिशेब चुकवील.

आणि जवळची वाट? ती बंद झाली नाही. तिला नियम लागले. ठरलेल्या वाटेवरून विमान स्वतःच्या जबाबदारीने आखीव उंचीवर जाते. नियंत्रकाने त्याला त्या वाटेवरून काढून व्हेक्टर दिला, किंवा वाटेबाहेरून थेट एखाद्या बिंदूकडे जाण्यास सांगितले, की खालचे डोंगर आणि अडथळे यांपासून पुरेशी उंची राखण्याची जबाबदारी नियंत्रकावर येते. सौजन्य करणाऱ्याने त्या सौजन्याचा भारही उचलावा, असा हा नियम आहे. वाटेवरून काढताना आता कोणती उंची लागू, हे सांगावयाचे. वाटेवर परत आणताना कोणत्या बिंदूपाशी आणि तक्त्यावरील मर्यादा पुन्हा लागू आहेत की नाहीत, हेही सांगावयाचे. २०१६ च्या नोव्हेंबरपासून यासाठीची वाक्ये जगभर नव्याने ठरविण्यात आली. तसेच धावपट्टी अगदी शेवटी बदलू नये, कारण त्या वेळी वैमानिकाला बाहेरची नजर काढून यंत्रात डोके घालावे लागते, हेही कालीने शिकविले.

आता न्यूयॉर्कच्या त्या तिसऱ्या नियमाकडे. आज आरनॅव्हचे यंत्र मध्येच बिघडले तर वैमानिकाने उच्चारावयाचे एक ठराविक वाक्य आहे. त्याचा अर्थ, यंत्रबिघाडामुळे ही वाट पाळता येत नाही. ते कानी पडताच नियंत्रक त्या विमानाला व्हेक्टर देतो किंवा जुन्या केंद्रांच्या वाटेने नेतो. १९६० च्या त्या सकाळी हेच एक वाक्य कंपनीकडे न जाता नियंत्रकाकडे गेले असते, तर जवळची वाट देण्यापूर्वी त्याने निदान एकदा तरी विचार केला असता.

आपल्या देशाचा याच्याशी संबंध फार दुःखद घटनेने जोडला गेला आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीहून निघालेले सौदी विमान १४,००० फुटांवर होते आणि दिल्लीकडे येणाऱ्या कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबण्यास सांगितलेले होते. कझाक विमान नेमलेल्या उंचीखाली आले आणि हरियाणातील चरखी दादरीजवळ टक्कर होऊन ३४९ माणसे मृत्यू पावली. आजवरच्या इतिहासात हवेतील टकरीत याहून अधिक माणसे कधी गेलेली नाहीत. दोष उंची सोडणाऱ्याचा होता. परंतु त्या काळी दिल्लीला येणारी आणि दिल्लीहून जाणारी विमाने एकाच पट्ट्यातून ये-जा करीत, कारण बरेचसे आकाश सैन्यदलासाठी राखलेले होते. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या करण्यात आल्या. पिकार्डीचा १९२२ चा धडा पुन्हा गिरवावा लागला. त्या अपघातातही भाषा हा प्रश्न होताच. पुढे २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणे करणारे वैमानिक आणि त्यांचे नियंत्रक यांच्यासाठी इंग्रजीचे किमान कौशल्य ठरविण्यात आले, आणि त्यात ठराविक वाक्यांपलीकडे जाऊन शंका विचारता येणे हेही आले.

आरनॅव्हची खरी देणगी येथे दिसते. केंद्रांच्या माथ्यावरून जाण्याची सक्ती नसल्यामुळे येणाऱ्यांची वाट आणि जाणाऱ्यांची वाट कागदावरच एकमेकींपासून दूर ठेवता येते, आणि जेथे छेदणे अटळ असेल तेथे एक वर, एक खाली अशी रचना आधीच करता येते. याचे एक सुंदर उदाहरण नॉर्वेतील ओस्लो विमानतळावर २०११ मध्ये प्रथम अमलात आले. फ्रान्समधील एका युरोपीय प्रयोगकेंद्रात ते घडविले गेले होते. धावपट्टीकडे नेणारा एक मिलनबिंदू ठरवावयाचा आणि त्याच्यापासून सर्वत्र सारख्या अंतरावर, कमानीसारख्या, विमानांच्या वाटा आखावयाच्या. विमान कमानीवरून जात राहते. ते कमानीवर कोठेही असले तरी मिलनबिंदू तितकाच दूर. पुढच्या विमानाशी पुरेसे अंतर पडले, की नियंत्रक एकच वाक्य बोलतो: थेट मिलनबिंदूकडे जा. पाच-सहा व्हेक्टरांचे काम एका वाक्यात होते, आणि ते वाक्य येणार हे वैमानिकाला ठाऊक असते. जवळची वाट येथे अकस्मात मिळालेली मेहेरबानी राहत नाही. ती आखणीचाच भाग होऊन बसते.

भारतातही मोठ्या विमानतळांभोवती अशा लिखित वाटा आखल्या गेल्या आहेत, आणि उपग्रहांचे संकेत अधिक नेमके करणारी ‘गगन’ ही व्यवस्था इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून उभी केली आहे. २०१५ मध्ये तिला उतरण्याच्या मार्गांसाठी मान्यता मिळाली. ही गरज वाढतच जाणार. मुंबईच्या सांताक्रूझ येथे दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून तेथे नियंत्रकाला क्षणाक्षणाचा हिशेब करावा लागतो. आणि आता नवी मुंबईचा विमानतळही त्याच आकाशाच्या कडेला आला आहे. गोव्यात नौदलाच्या दाबोळी तळावरचा विमानतळ होताच. २०२३ च्या जानेवारीपासून मोपा येथील विमानतळही चालू झाला. शेजारशेजारच्या दोन विमानतळांची आकाशे कशी विभागावी, हा न्यूयॉर्कपुढचा १९६० चा प्रश्न आपल्या दाराशी उभा आहे. सुदैवाने त्याचे उत्तर शोधण्याची साधने त्या वेळेपेक्षा पुष्कळ चांगली आहेत.

साधने चांगली झाली म्हणून नियंत्रकाचे काम हलके झाले, असे मात्र समजू नये. पूर्वी तो विमानाचा हात धरून नेत असे. आज विमान आपल्या वाटेने येत असताना तो पाहत असतो, आणि पुष्कळ वेळ त्याला बोलण्याची गरज पडत नाही. पण जेव्हा तो बोलतो, तेव्हा लिहिलेली वाट बदलत असतो. त्या एका वाक्यात बिंदूचे नाव, उंची आणि पुढची वाट ही तिन्ही स्पष्ट असली पाहिजेत. वैमानिकाने ती परत उच्चारली पाहिजेत. आणि त्या उच्चारात काही खटकले, तर ठराविक शब्द बाजूला ठेवून साध्या भाषेत पुन्हा विचारण्याचे धैर्य दोघांमध्येही असले पाहिजे. कालीच्या नियंत्रकाला खटकले होते. त्याला विचारता आले नाही.